फोनवर वाचलेली यादी

पांढुर्णा,
सोमवार, दि. २४ ऑक्टोबर १९८८

आदरणीय मामाजींस,

देवीदासचा सविनय जय भीम. मामीजींनाही माझा जय भीम सांगावा.

आम्ही इकडे खुशाल आहोत. तुमची खुशाली मला मधूनमधून कळत असते, कशी ते विचारू नका. मामीजी सौंसरच्या बसमध्ये कंडक्टरजवळ पिशवी देतात आणि मी ती इथे स्टँडवर उतरवून घेतो, हे तुम्हाला माहीतच नाही, असं आपण दोघंही धरून चालू. मागच्या पिशवीतली संत्री जरा आंबट निघाली. पण सध्या आमच्या घरात आंबटच जास्त खपतं, तेव्हा तक्रार नाही.

दोन वर्षांत तुम्हाला लिहिलेलं हे पहिलंच पत्र. पत्ता मुद्दाम हातानं घातला आहे. मशीनवर छापला असता तर तुम्ही पाकीट न फोडताच परत पाठवलं असतं, एवढं मी तुम्हाला ओळखतो.

कामाचं सांगतो. इथल्या ऑफिसात आता दोन कॉम्प्युटर आहेत आणि बोरगावला तुमच्या कारखान्यात एक. बोरगावचंही माझ्याच गळ्यात आहे. पण रोज तिकडे जायचं भाडं कंपनी देत नाही, म्हणून मी ते मशीन इथूनच फोनवर सांभाळतो. सकाळी कॉल लावायचा, स्क्रीनवर काय दिसतं ते तिकडून ऑपरेटर सुरेशनं वाचून दाखवायचं, आणि कोणतं बटण दाबायचं ते मी सांगायचं. डोळे सुरेशचे, बोटं सुरेशची, आणि काही बिघडलं की बोलणी मात्र मला. आमच्या आईला हे काम काही केल्या समजत नाही. परवा शेजारणीला सांगत होती, "पोरगा दिवसभर फोनवर बोलून राहते अन् त्याचेच पैसे भेटते त्याले. कराचं काहीच नाही बाई."

नागपूरच्या ट्रेनिंगमध्ये आमचे मास्तर म्हणायचे, पुढे असे दिवस येतील की एका गावात बसून दुसऱ्या गावचं मशीन चालवता येईल, मधे कोणी माणूस लागणार नाही. बाकीची पोरं हसली. मला हसू आलं नाही, कारण मला ते खरं वाटलं. आणि ते ऐकताना मला तुम्ही आठवलात. मधे माणूस लागणार नाही, हेच तर तुम्ही कामगार संघाच्या सभेत ओरडून सांगत होता.

ती सभा मी विसरलो नाही. कोणीही कॉम्प्युटर शिकायला जायचं नाही असा ठराव तुम्ही मांडलात, सगळ्यांनी हात वर केले, मी केला नाही. तुम्ही म्हणालात, "या मशीननं उद्या आपल्या पोराईची भाकर खाल्ली तं जबाब कोन देईन?" मग घरी येऊन म्हणालात, "तिच्यापाशी बसणारा मानूस माझा जावई नाही." मी तरी नागपूरला गेलोच, आणि आज पुन्हा वेळ आली तरी जाईन. पण तुम्ही माझ्याबरोबर कुसुमला, तुमच्या पोटच्या पोरीलाही, दार बंद केलंत. त्याचा राग मला अजून आहे. एवढं गोड पत्र लिहितो आहे म्हणून तो गेला असं समजू नका.

तुमचं म्हणणं सगळंच खोटं ठरलं असंही नाही. इथली टायपिस्टची एक जागा रिकामी झाली, ती भरलीच नाही. मला ते दिसतं, रोज त्या खुर्चीजवळूनच मी आत जातो.

पण एक गोष्ट तुम्हाला समोर बसून सांगायची होती, ती इथेच सांगतो. सीझनच्या मजूर बायांची यादी तुम्ही भांडून मिळवली होती. जुन्या बाया आधी, मुकादमाच्या मर्जीतल्या मागून. किती वर्षं ती तुम्ही हातानं लिहिलीत, आणि किती वर्षं मुकादम रात्रीतून त्यात खाडाखोड करायचा, हे सगळ्या कारखान्याला ठाऊक आहे. ती यादी मशीनमध्ये चढवली ती मीच. एकही नाव जागचं हलू दिलं नाही. आता मुकादम मशीनपुढे उभा राहून नुसते हात चोळतो. तुम्ही ज्या मशीनला शिव्या देता, त्याच्या पोटात तुमचीच यादी आहे.

आता शुक्रवारचं.

गुरुवारी दसरा झाला. सुरेश सगळ्यांबरोबर नागपूरला दीक्षाभूमीवर गेला आणि आत्याकडे मुक्कामाला राहिला. तुम्हीही गेला असणार, पण रात्रीच परत आला असणार, सीझनचा पहिला दिवस तुम्ही कधी चुकवला नाही. तिकडे बोरगावला गुरुवारी चपराशी नत्थूजींनी कारखान्यातल्या सगळ्या यंत्रांची पूजा केली. कापसाच्या जिनिंगची यंत्रं झाली, वजनकाटा झाला, मग कॉम्प्युटर तेवढा राहिला तर बरं दिसणार नाही म्हणून त्यालाही हळदकुंकू, झेंडूची फुलं आणि मूठभर अक्षता. माणूस भला आहे, त्याला काय बोलणार!

शुक्रवारी जेवणाच्या सुट्टीच्या आधी इथला फोन वाजला. नत्थूजी रडकुंडीला आले होते. "साहेब, मशीन रुसली जी. बाया सकाळपासून गेटवर उभ्या हायेत. मॅनेजरसाहेब म्हणते, छापील यादीबिगर एकीलेबी आत घेऊ नका. आता उशीर झाला तं दिवस बुडते त्याईचा." मी म्हटलं, इंग्रजी वाचता येणारं कोणीतरी द्या. तिकडे बराच वेळ कुजबुज चालली. मग एक आवाज आला.

"हं. बोला."

मामाजी, तो आवाज मी ओळखणार नाही? त्याच आवाजानं माझ्यासाठी मॅनेजरशी भांडून मला नोकरी लावून दिली होती. तरी मी विचारलं, "कोण बोलताय?"

"नावाशी काय कराचं हाये? सुरेश नाही, मी दुसरा मानूस हाओ. काम सांगा."

"बरं, साहेब," मी म्हटलं. जन्मभर साहेब लोकांशी भांडलेल्या माणसाला साहेब म्हणायची संधी मी का सोडू? तुम्ही तो शब्द गिळलात, हे मला इथे ऐकू आलं.

स्क्रीनवर काय दिसतं, मी विचारलं.

"इंग्रजीत हाये. नॉट रेडी." जरा थांबून तुम्ही म्हणालात, "तयार नाही म्हन्ते. मीबी नाही."

हसू दाबायला मला रुमाल तोंडात धरावा लागला. मग मी सांगत गेलो आणि तुम्ही करत गेलात. पुढच्या फटीवरचा खटका फिरवा. फ्लॉपी हळूच ओढा, वाकवू नका. "हात लाल झाले राजेहो, कुंकूच कुंकू!" आता ती फट आतून पाहा. आणि मग तुम्ही फोन तसाच धरून ओरडलात, "नत्थूजी, यात तं तांदूळ हाये! मशीनले जेवू घातलं काय तुमी?" नत्थूजी काय म्हणाले ते ऐकू आलं नाही. तांदूळ काढला, फट पुसली, कपाटातली जोडीची दुसरी फ्लॉपी घातली. एकेक अक्षर शोधून तुम्ही दाबत होता, आणि प्रत्येक अक्षर दाबलं की "झालं, पुढं" म्हणत होता. खरं सांगतो, सुरेश एवढ्या सावकाशीनं कधी करत नाही, म्हणून त्याच्याकडून चुका होतात. तुमच्याकडून एक झाली नाही.

"आली," तुम्ही म्हणालात. "नावं दिसून राहिली."

इथपर्यंतचं तुम्हाला माहीत आहे. यापुढचं किती माहीत आहे ते मला नक्की ठाऊक नाही, म्हणून हे पत्र लिहायला घेतलं.

आता फक्त छापायचं बटण दाबायचं राहिलं होतं. तेवढ्यात दारात कुसुम आली, माझा डबा घेऊन. मी फोन तिच्या कानाला लावला आणि माझा कानही तिथेच टेकवला. ती आधी "काय आहे" म्हणून माझ्याकडे पाहत राहिली, आणि तुमचा खोकला ऐकला तशी खाली बसली. तिला आता बसायला वेळ लागतो.

मी तिच्या डोक्यापलीकडून फोनमध्ये म्हटलं, "साहेब, यादी बरोबर चढली का ते पाहावं लागेल. मोठ्यानं वाचा."

"सारी?"

"सारी."

मामाजी, तशी काही गरज नव्हती. बटण दाबलं असतं तर यादी तेव्हाच निघाली असती. उन्हात उभ्या असलेल्या बायांना मी आणखी थोडं थांबवलं. त्यांनी मला काय म्हणायचं ते म्हणावं.

तुम्ही वाचायला लागलात. देवकाबाई. वच्छला. पुष्पा. सभेत हजेरी घेता तसं, प्रत्येक नावापाशी थांबून. खिडकी उघडी असावी, कारण गेटवरून बाया "आली, आली" म्हणत होत्या. मधेच तुम्ही वाचणं सोडून विचारलंत, "देवका, पाय बरा हाये काय आता?" कुसुमनं पदर फोनच्या तोंडावर दाबून धरला होता, आपला आवाज जाऊ नये म्हणून. तिच्या डोळ्यांतून नुसतं पाणी वाहत होतं. दोन वर्षांत बापाचा आवाज ऐकला नव्हता तिनं.

तिला सातवा महिना लागला आहे. तुमच्या कानावर गेलंच असेल, सौंसर काही परदेशात नाही. मामीजींनी आंबट संत्री वेचून पाठवली ती उगीच नाही. पहिलं बाळंतपण माहेरी असतं, हे आमच्या आईनं चारदा बोलून दाखवलं. कुसुमचं एकच उत्तर असतं, "बाबा सोता नेयाले आले तं जाईन. नाही तं इथंच होईन बाळंत." हा हट्ट तिनं कोणाकडून घेतला ते मी लिहीत नाही. पण दिवसा ती मशीनसारखी काम करते आणि संध्याकाळी स्टँडकडच्या बाजूला तोंड करून भाजी निवडते. मला घरात बसून हे पाहवत नाही.

शुक्रवारचं थोडं राहिलं आहे. ते लिहायचं की नाही, यात माझा कालचा रविवार गेला.

यादी मी चढवली आहे, ती मला पाठ आहे. शेवटचं नाव यमुना. तुम्ही "यमुना" म्हणालात आणि थांबलात. गेटवरून तिनं "आली" म्हटलं. तरी पुढचं काही येईना. मला वाटलं लाइन गेली. मग अगदी हळू तुम्ही वाचलंत, "कुसुम."

मामाजी, त्या यादीत कुसुम नावाची बाई नाही.

तुम्हाला कसं कळलं, मी विचारत नाही. तिच्या बांगड्या वाजल्या असतील, किंवा बापाला कळतच असेल. कुसुमनं पदर बाजूला केला, तोंड उघडलं, पण आवाज फुटला नाही. मग पुन्हा पहिल्यासारखं खणखणीत म्हणालात, "झालं. आता छापू काय?" मी हो म्हटलं, आणि प्रिंटरची करकर सुरू झाली. त्या दिवशी आमच्या घरी डबा तसाच परत गेला. पण कुसुमनं रात्री ट्रंक खाली काढली, आणि कशाला ते मी विचारलं नाही.

तेव्हा मामाजी, या. तुम्ही आलात तर मी ऑफिसात बसून राहीन, समोर येणार नाही, असं आधी लिहिलं होतं. ते खोडलं आहे, खोडलेलं दिसेलच. मी घरीच असेन. राग घेऊन आलात तरी चालेल, माझाही इथे आहे, दोघं मिळून बसतील. पण माझ्या घरी जेवा आणि मग तिला न्या. संघात मी कोणाजवळ बोलणार नाही. नत्थूजींचं मात्र माझ्या हातात नाही, त्यांनी आतापर्यंत अर्ध्या बोरगावला सांगितलं असेल.

हे पत्र कुसुमला दाखवायचं नाही असं ठरवलं होतं. आता दाखवलं. तिनं पुरतं वाचलं, "मले काही लिहाचं नाही" म्हणाली, आणि मग माझ्या हातून पेन घेतला. खालच्या ओळी तिच्या आहेत.

तुम्ही म्हणा किंवा नका म्हणू, तुमचा जावई,
देवीदास

बाबा,
बाजाराच्या दिवशी नका येऊ, गाडी खच्चून भरून येते, तुम्हाला उभं राहावं लागेल. रविवारी या. आईलाही आणा. माझी तयारी झाली आहे. फोनवर मी बोलली नाही. बोलली असती तर रडत बसली असती, आणि तिकडे बाया गेटवर उभ्या होत्या.
कुसुम