डबी धुऊन वापरावी

सोमवार, ३ मार्च

चाळीस माणसांना आपापली विष्ठा डबीत भरून द्यायला राजी करायचं आहे! तीस वर्षं डब्यांच्या धंद्यात आहे, पण असं काम आजवर घेतलं नव्हतं. आणि हो म्हणून बसलो.

डॉक्टरीणबाई सकाळी कारखान्यात आल्या. संशोधन करतात. आतड्याचा कर्करोग कुणाला होतो आणि का होतो, यासाठी दहा हजार माणसांचे नमुने तपासायचे आहेत. पण तेवढ्या माणसांना घरच्या घरी नमुना नीट घेता येईल का, याचीच आधी चाचणी. दोन पद्धती. एक डबी – तळाशी नमुना टिकवणारं औषधी पाणी, झाकणाला आतून चमचा. दुसरं जाड कागदाचं कार्ड – काडीने पातळ थर लावायचा, दिवसभर वाळवायचं, पाकिटात घालायचं. प्रत्येकाने दोन्ही करायचं. डब्या आमच्याकडच्या हव्यात, त्यात पाणी त्या भरणार.

"चाळीस माणसं कुठून आणायची हाच प्रश्न आहे," बाई म्हणाल्या.

"डब्या घ्या, माणसं वर फुकट," मी म्हणालो. जिभेला हाड नाही, दुसरं काय!

खरं तर मला एकच माणूस हवाय. दादा, माझा थोरला भाऊ – कारखान्यातले साचे तोच कोरतो. जाता जाता बाई म्हणाल्या की नमुन्यात रक्ताचा अंश सापडला तर त्या माणसाला आम्ही फोन करतो. तिथे माझे कान टवकारले. आमचे वडील याच दुखण्याने गेले. लाजेपायी दाखवलं नाही, दाखवलं तेव्हा वेळ गेली होती. आणि दोन महिने झाले, दादा कारखान्याच्या संडासात अर्धा-अर्धा तास बसतो. भिंत माझ्या खोलीला लागून. यंत्राचा आवाज जरा बदलला तरी मला खुर्चीतून कळतं, तेव्हा हेही ऐकू येतं. म्हणजे काहीच ऐकू येत नाही – तीच तर काळजी.

मंगळवार, ४ मार्च

दादाला विचारलं. साच्यावर वाकला होता, वर न बघता म्हणाला, "माझं माझ्यापाशी राहू दे."

गुरुवार, ६ मार्च

एकोणचाळीस झाले! निम्मे न्हाव्याने जमवले. म्हणतो, "शेठ, गळ्याशी वस्तरा असताना माणूस नाही म्हणत नाही." शिंप्याने पहिला प्रश्न विचारला – "माप किती?" निवृत्त मास्तरांना निकाल कधी लागणार आणि पहिला नंबर काढणार का, ते हवं होतं.

चाळीसावी डबी माझ्या खणात. त्यावर दादाचं नाव मनातल्या मनात घातलंय.

रविवार, ९ मार्च

आज आमच्या घरची पाळी. ही म्हणाली, "एकतीस वर्षं संसार केला, एवढंच बघायचं राहिलं होतं." पण कामाला लागली की हिचा हात धरणारं कुणी नाही. दोन्ही डब्या पुसून, चकचकीत करून माझ्यासमोर ठेवल्या. मग पुढचं सगळं यथासांग झालं. तपशील रोजनिशीलाही सांगवत नाही.

कार्डं वाळायला वर नेऊन दादाच्या गच्चीत ठेवली – उन्हाची जागा तीच. जिन्यात दोनदा थांबलो. वय झालं, चालायचंच. तासाभराने वहिनी माझं कार्ड हातात घेऊन खाली. "भाऊजी, बाहेरच्या भिंतीला हाच रंग द्यायचा का? उन्हात मळकट नाही दिसणार."

मी म्हणालो, ठेवा हो खाली. आधी ठेवा. मग सांगतो.

बुधवार, १२ मार्च

कार्डांच्या बातम्या. शिंप्याने लवकर वाळावं म्हणून कार्डावरून इस्त्री फिरवली. त्याची बायको बोलत नाही, दुकानात दोन दिवस गिऱ्हाईकही नाही. मास्तरांनी कार्डाला समास आखला, उजव्या कोपऱ्यात तारीख घातली आणि नमुना चौकटीत बसेना म्हणून पुरवणी जोडली. आमचा माल पोचवणाऱ्या गाडीवाल्याचं कार्ड वाऱ्याने शेजाऱ्याच्या बाल्कनीत गेलं. शेजारी सज्जन – धूळ झटकून परत आणून दिलं. "तुमचं काहीतरी पडलंय."

थोडक्यात, कार्ड बाद. सगळी मदार डबीवर. आपली डबी! आतून गुदगुल्या होतायत.

शनिवार, १५ मार्च

दादा आज पस्तीस मिनिटं. बाहेर आला तेव्हा म्हटलं, बरं वाटतंय ना? म्हणाला, "तू घड्याळ लावून बसतोस का?" लावूनच बसतो. पण सांगितलं नाही.

मंगळवार, १८ मार्च

बाईंचा चेहरा उतरलेला. एकोणचाळीस डब्या आल्या, त्यातल्या एकतीस डब्यांत औषधी पाण्याचा थेंब नाही. नमुने वाया. "पत्रकात तिसऱ्या पानावर ठळक लिहिलंय, आतलं पाणी सांडू नका. तरी लोकांनी का ओतलं?" सोमवारी समिती बसणार. लोकांना घरी हे जमत नाही असं ठरलं की काम बंद, सात वर्षांची तयारी पाण्यात.

मी मान हलवत होतो. लोकांना कितीही सांगा, वगैरे बोलत होतो. हातात एक रिकामी डबी होती, सहज झाकणावरून अंगठा फिरवला. खरखरीत अक्षरं. बघितली.

वापरण्यापूर्वी स्वच्छ धुवा.

आमचंच झाकण. बावीस वर्षं प्रत्येक झाकणावर हेच उमटतं, स्वयंपाकघरातल्या डब्यांसाठी दादाने कोरलेला साचा. डोळ्यांना त्याची इतकी सवय की दिसतच नाही. एकतीस घरांत बायाबापड्यांनी साबण लावून औषध मोरीत ओतलं. आमच्या घरी तर गरम पाण्याने! बरोबर आलेले आठ कोण, तर चष्म्याशिवाय बारीक अक्षर न दिसणारे.

डबी टेबलावर उलटी ठेवली. झाकण खाली. बाई गेल्या.

बुधवार, १९ मार्च

रात्रभर नाही म्हणायला दोन डुलक्या. सकाळी दादाला सांगितलं.

"मग चूक काय आहे? डबा धुऊनच वापरावा."

"दादा, आत औषध होतं."

"मला कुणी सांगितलं?"

खरंय. मी त्याला एवढंच सांगितलं होतं – लहान डब्या, चमच्यासकट. दादा खाली बसला. हातातली कानस बाजूला ठेवली.

"बाईंना सांगितलंस?"

"सांगितलं तर डब्या दुसरीकडून घेतील. नाही सांगितलं तर कुणाला कळायचंही नाही. लोक अडाणी म्हणून मिटून जाईल."

"वडिलांनी पण कुणाला सांगितलं नव्हतं."

हा माणूस वर्षातून चार वाक्यं बोलतो. त्यातलं एक हे. मी तेवढ्यात सावरलो – धंद्यात मुरलेला माणूस, पडलो तरी मूठभर माती घेऊन उठतो. म्हटलं, मी बाईंना सांगतो. पण मग तू चाळीसावी डबी भरायचीस.

त्याने मला वरपासून खालपर्यंत बघितलं. "साल्या," एवढंच म्हणाला. म्हणजे हो.

गुरुवार, २० मार्च

सांगितलं. झाकण बाईंच्या समोर सुलटं ठेवलं आणि म्हटलं, तुमची माणसं नापास नाहीत, माझं झाकण नापास आहे. दुसरीकडून डब्या घेतल्यात तर माझं काही म्हणणं नाही.

बाईंनी झाकण वाचलं. परत वाचलं. मग खुर्चीत मागे टेकून डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसल्या. "म्हणजे चार पानी पत्रक एकानेही वाचलं नाही. आणि झाकण एकतीस जणांनी वाचलं?"

"वाचलं आणि पाळलं. बायको माझं एवढं ऐकत नाही."

"मग पत्रक कशाला हवं? पुढच्या वेळी सूचना झाकणावरच घालू."

शनिवार, २२ मार्च

दादा दोन दिवस साच्यावर. आतलं पाणी सांडू नका. धुऊ नका. 'धुऊ नका' कोरताना म्हणे त्याचा हात चालेना. "आयुष्यभराची शिकवण मोडतोय," म्हणाला.

सोमवार, २४ मार्च

समितीने दुसरी फेरी मंजूर केली!

बुधवार, २ एप्रिल

चाळीसपैकी अडतीस उत्तम. एक मास्तरांची – त्यांनी जास्त गुणांच्या आशेने डबी काठोकाठ भरली होती. एक गाडीवाल्याची, ती अजून त्याच्या गाडीतच आहे आणि तो काच उघडी ठेवून फिरतोय. शिंप्याची बायको बोलायला लागली. नवीन इस्त्री घेतली.

दादाने डबी दिली. कागदात, मग पिशवीत, मग दुसऱ्या पिशवीत गुंडाळून, जणू चोरीचा माल. मी दिली ती आपली सहज, मला काय धाड भरलीय.

आणि संडासातलं गूढ उकललं. आज दार नीट लागलं नव्हतं. गुडघ्यावर वर्तमानपत्र, कानाला पेन्सिल, दादा शब्दकोडं सोडवतोय! "इथे कुणी हाक मारत नाही," म्हणाला. तीन महिने मी भिंतीला कान लावून सुकत होतो आणि हा आडवे-उभे शब्द भरत होता. लाज वाटली. मग बरं वाटलं. खूप बरं वाटलं.

बुधवार, ९ एप्रिल

बाईंचा फोन. म्हटलं, थांबा, दादाला देतो. म्हणाल्या, त्यांचं सगळं ठीक आहे, मला तुमच्याशीच बोलायचंय. बहुधा किरकोळ असेल, पण वेळेवर बघितलेलं बरं. शुक्रवारी साडेनऊला.

दादा समोरच उभा होता. फोन ठेवल्यावर म्हणाला, "डबी धुतली नव्हतीस ना?"

"नाही."

"मग बरं झालं. शुक्रवारी मी येतो."