कॅमेरा थोरल्याकडे, लेन्स धाकट्याकडे

लिंबायत, सुरत
आषाढ अखेर, १९९७

चि. सौ. योगिता हिस,

तुझ्या थोरल्या जावेचे, म्हणजे या उज्ज्वलाचे, तोंडभर आशीर्वाद. सासूबाईंनीही पाठवले आहेत. त्यांनी सांगताना आधी वाल्मिकभाऊजींना, मग मुलांना आणि उरले तर तुला असा क्रम लावला होता, तो मी वाटेत बदलला. तुझा खोकला थांबला का? भाऊजींची पाठ कशी आहे? हंगाम संपला तरी कारखान्यात यंत्रांच्या दुरुस्तीचं काम असतंच म्हणे, तेव्हा त्यांना वाकू देऊ नकोस. आमच्याकडे सगळे बरे आहेत. सासूबाईंचे गुडघे जिना चढताना कुरकुरतात, पण त्यांच्या आधी त्या स्वतः कुरकुरतात, त्यामुळे गुडघ्यांकडे कोणाचं लक्ष जात नाही. तुमचं चलथाण इथून बसनं तासाभराच्याही अंतरावर नाही आणि मी तुला टपालानं पत्र पाठवते, याचं पोस्टमनला काय वाटत असेल कोण जाणे. पण आपल्या दोन घरांत हल्ली तोच काय तो मोकळेपणानं ये-जा करतो.

पत्रास कारण की, लेन्स. तुला सगळं ठाऊक आहे, तरी पहिल्यापासून लिहिते, कारण तसं लिहिल्याशिवाय माझं मलाच काही समजत नाही. (वर्गात मुलांना निबंधाची सुरुवात थोडक्यात करा असं मीच शिकवते. ते सोड.) मामंजी गेले, त्यांचा कतारगामचा फोटो स्टुडिओ बंद झाला आणि वाटणी करायला लक्ष्मणकाका बसले. काकांनी जन्मभर गावाकडे शेतं, विहिरी, गोठे आणि एकदा तर एक उभं आंब्याचं झाड वाटून दिलेलं. त्यांच्यापुढे आला एक भला थोरला कॅमेरा, ज्यात रुंद फिल्मचा रोल लागतो आणि ज्याची लेन्स फिरवून काढता येते, आणि त्याच्या तीन लेन्स. काका म्हणाले, थोरल्याला थोरली वस्तू. धाकट्याला लहान वस्तू, पण तीन. झालं, कोणी रुसायला नको. आणि ते पुढे ताजमहाल रंगवलेल्या पडद्याकडे वळले, जो त्यांनी गहू झाकायला स्वतःच मागून घेतला.

तेव्हा त्या खोलीत दोनच माणसांना ठाऊक होतं की लेन्सवाचून तो कॅमेरा म्हणजे नुसती काळी पेटी, आणि कॅमेऱ्यावाचून त्या लेन्स म्हणजे महागड्या काचा. ती दोन माणसं म्हणजे आपल्या दोघींचे नवरे. हे गप्प राहिले, की धाकट्यानं म्हणावं, दादा, असं कसं चालेल? भाऊजी गप्प राहिले, की थोरल्यानं म्हणावं, वाल्मिक, घेऊन जा सगळं. मामंजींच्या हाताखाली दोघांनीही एवढी वर्षं लोकांना "हलू नका" म्हणून सांगितलं, त्याचाच हा परिणाम असावा. दोघं अजून हललेले नाहीत.

यंदा श्रावणात कानबाई देवी आमच्याकडे बसणार आहे. गेल्या वर्षीही आमच्याकडेच होती आणि तुम्ही आला नाहीत. तरी सासूबाईंनी नैवेद्याच्या रोटांचे गहू घेताना भाऊजींच्या आणि तुझ्या दोन्ही मुलांच्या नावानं मुठी टाकल्याच. मी म्हटलं, ते येणार नाहीत. त्या म्हणाल्या, "नाव त्यासनं शे, गहू मना शेतस." नाव त्यांचं, गहू माझे, झालं. आणि रोट तर कुळाबाहेर कोणाला देता येत नाहीत. शेजारच्या शोभाबाई वास घेत घेत तीनदा दारापर्यंत आल्या, तरी त्यांना नुसतं पाणी दिलं. तुमच्या वाटणीचे रोट आम्ही खाल्ले, खात राहिलो, दुधात बुडवून खाल्ले, आणि शेवटी हे एक घास हातात धरून म्हणाले, "वाल्मिकला कडक आवडतात." मग उठून गेले. मी तो घास तसाच ताटात पाहत बसले.

तर यंदा सासूबाईंनी फर्मान काढलं आहे, की कानबाईपुढे फोटो निघाला पाहिजे, आणि तो मामंजींच्याच कॅमेऱ्यानं. बटण मी दाबणार आहे. (हसू नकोस. या वयात कोणी भरतकाम शिकतं, कोणी भजन शिकतं. मी हे शिकते.) कॅमेरा आहे. तुमच्याकडून एक लेन्स मागून घ्यायची, पहिली शिकायला म्हणून एकच, बाकीच्या दोन तुमच्याकडेच राहू देत. एवढं सोपं काम. पण कोणती मागायची, इथे मी जी अडकले ती आजतागायत.

तुझ्या मागच्या पत्रात होतं, की त्यांवर पंचेचाळीस, ऐंशी आणि दीडशे असे आकडे आहेत आणि भाऊजी त्यांना बुरशी लागू नये म्हणून पापडांसारखं ऊन दाखवतात. मला वाटलं, हे मार्क असावेत आणि दीडशेवाली पहिली आलेली असावी. शोभाबाईंचंही तेच मत पडलं. मग त्यांनी विचारलं, की तिन्ही एकावर एक बसवता येत नाहीत का, जेवणाच्या डब्यासारख्या? मला हा प्रश्न मूर्खपणाचा वाटला, आणि मग लक्षात आलं की त्याचं उत्तर मलाही येत नाही.

म्हणून स्टेशनाजवळच्या फोटोच्या सामानाच्या दुकानात गेले. तिथले शेठ बोलके. म्हणाले, "बेन, एंसी एटले नॉर्मल." ऐंशी म्हणजे नेहमीची. मी म्हटलं, आमच्या शाळेच्या लहान कॅमेऱ्यावर तर पन्नास लिहिलंय आणि त्यालाही तुम्ही नॉर्मलच म्हणता. तर म्हणाले, लहान कॅमेऱ्याचं पन्नास तेच मोठ्याचं ऐंशी. म्हणजे पन्नास आणि ऐंशी सारखेच? हो. मग पन्नासच का लिहीत नाहीत? त्यांनी माझ्याकडे फार वेळ दयेनं पाहिलं आणि चहा मागवला. पंचेचाळीसमध्ये खूप मावतं, दीडशेमध्ये थोडं मावतं असंही ते म्हणाले. म्हणजे आकडा लहान तर जागा मोठी, आणि आकडा मोठा तर जागा लहान. योगिता, मी वीस वर्षं मुलांना गणित शिकवते आहे गं! शेवटी त्यांनी विचारलं, "फोटो शेनो पाडवो छे?" कशाचा फोटो काढायचाय? आणि मला सांगता येईना. मी चहा संपवला आणि घरी आले.

घरी यांना सरळ विचारावं, तर ते या विषयावर माझ्याशी बोलत नाहीत. आईशी बोलतात, मी तिथेच पोळ्या लाटत असताना. "आई, हिला सांग, पंचेचाळीसनं कडेची माणसं पसरट येतात." आता भाऊबंद जमले की कडेला नेहमी लक्ष्मणकाका उभे राहतात, ते आधीच जेवढे पसरले आहेत त्याहून पसरले तर फोटोत दुसरं कोणी राहणार नाही. मी म्हटलं, मग ऐंशी मागते. "आई, हिला सांग, ऐंशीत सगळे मावायचे तर फोटो काढणाऱ्याला खिडकीतून खाली उतरून रस्त्यावर उभं राहावं लागेल." मग दीडशे? यावर त्यांनी पुढ्यातलं ताट जरा सरकवलं. मग म्हणाले, "ती चेहऱ्याची. बाबा तीच लावायचे." हे आईला नाही, मला म्हणाले.

ते ऐकून मला वाटलं की ठरलं, दीडशेच मागावी आणि सासूबाईंचा एक छान मोठा चेहरा काढावा. त्यांना सांगायला गेले तर त्यांनी पदरच तोंडावर ओढला. "एकटीना फोटू नको वं माय. त्याले हार लागस." एवढा मोठा चेहरा घेऊन भिंतीवर एकटं कोण जातं ते त्यांनी फोटोवाल्याच्या घरात चाळीस वर्षं पाहिलेलं. मग पदराआडूनच त्यांनी विचारलं, "मना दोन्ही आंडोर मावतीन का त्यामा?" दोन्ही मुलं मावतील का, एवढंच त्यांना विचारायचं होतं. मी म्हटलं, विचारून सांगते. कोणाला विचारणार, ते मला ठाऊक नव्हतं.

तुला एक गंमत सांगते. या कॅमेऱ्याच्या तोंडाचं झाकणही लेन्सबरोबर तुमच्याकडेच गेलंय, म्हणून आम्ही त्यावर हिंगाच्या डबीचं झाकण बसवतो. त्यामुळे मामंजींच्या कॅमेऱ्याला आता फोडणीचा वास येतो. दर रविवारी हे तो मऊ बनियननं पुसतात, झाकण काढतात आणि बटण दाबतात. आत फिल्म नाही, पुढे लेन्स नाही. खट्. आणि स्वयंपाकघरात बसलेल्या सासूबाई तो आवाज ऐकून, बघ, पाठ ताठ करून बसतात. डोक्यावरचा पदर सारखा करतात. मग पुन्हा लसूण सोलायला लागतात. त्यांना ते कळतही नसावं.

मीही एकदा घरात कोणी नसताना वरून डोकावून पाहिलं. नवी नवरी असताना मामंजींनी मला त्यातून पाहायला दिलं होतं. तेव्हा काचेवर समोरचं सगळं जसंच्या तसं दिसायचं, फक्त डावीकडचं उजवीकडे. माणसाला अलीकडे घ्यायला जावं तर तो पलीकडे पळे. आता लेन्स नसताना त्या काचेवर नुसता उजेड पडतो. खिडकीकडे धरला तर जास्त, कपाटाकडे धरला तर कमी. काहीतरी समोर आहे एवढं कळतं, पण काय आहे ते कळत नाही. मी बराच वेळ पाहत होते. मला वाटलं, आपल्या दोन्ही घरांत हल्ली आपण सगळे असेच एकमेकांकडे पाहतो आहोत. मग दूध उतू गेलं.

तेव्हा तूच काय ते भाऊजींना विचारून ठरव. पंचेचाळीस, ऐंशी की दीडशे. काकांना पसरट करायचं, मी रस्त्यावर उतरायचं, की सासूबाईंना रडवायचं, यांतून एक. मला काहीही चालेल, म्हणजे मला काहीच समजत नाही. मुलांना पापे. खोकल्याला अडुळशाचा काढा घे, आणि घेतल्याचं खोटं लिहू नकोस.

तुझी,
उज्ज्वलावहिनी

ता. क. भाऊजींना सांग, झाकणही पाठवा. मला हिंग उघडा ठेवावा लागतो.

दुसरा ता. क. (हा कागद वेगळा जोडला आहे, तो फक्त तुझ्यासाठी.) वरचं पत्र भाऊजींना मोठ्यानं वाचून दाखव. त्यातलं सगळं खरं आहे, पण खरी मागणी त्यात नाही. लेन्स कोणाबरोबर पाठवू नकोस. पोस्टानं तर मुळीच नको. भाऊजी पाठवतो म्हणाले तर म्हण, दादांना ती नीट बसवता येणार नाही, आटे खराब करतील. हे ऐकून ते स्वतः आल्याशिवाय राहायचे नाहीत. आणि इकडे मी यांना सांगणार आहे, की वाल्मिकभाऊजी म्हणतात तुम्हाला बसवता येणार नाही. हेही मग घर सोडून कुठे जायचे नाहीत. रोटांचे गहू आज निवडायला घेतलेत. मुठी सगळ्यांच्या नावानं पडल्या आहेत.

तिसरा ता. क. पाकीट चिकटवलं होतं, ते परत उघडलं. काल पुन्हा त्या दुकानात गेले होते. शेठनी एका मोठ्या कॅमेऱ्यावर दीडशेची लावून दिली आणि म्हणाले, बघून घ्या. समोर गल्ल्यावर ते स्वतः आणि त्यांचे भाऊ, मध्ये चांगलं हातभर अंतर. पाहिलं तर एकाचा कान दिसे आणि दुसऱ्याची बाही. मी मागे सरकत सरकत भिंतीला टेकले, तरी दोघं येईनात. "हजु पासे," मी म्हणत गेले, आणखी जवळ, आणि ते कुरकुरत सरकत गेले. शेवटी खांद्याला खांदा लागला, एकानं दुसऱ्याच्या पाठीवर हात टाकला, कारण तो ठेवायला दुसरीकडे जागाच नव्हती, आणि तेव्हा कुठे दोघं काचेत आले.

आमची पुढची खोली त्या दुकानाएवढीच आहे. दीडशेची आणायला सांग. काकांचा आणि बाकीच्यांचा फोटो शाळेच्या कॅमेऱ्यानं काढू. आणि हीच का, असं भाऊजींनी विचारलं तर म्हण, वहिनीला त्यातलं काही कळत नाही, आकडा मोठा दिसला म्हणून मागितली.