रस्त्यात राहिलेले दगड

हरेशदादा,

काल उरणच्या रस्त्यावर तुझा ट्रेलर पंक्चर झाला. तू नेहमीसारखे मागे दगड लावलेस, चाक बदललंस आणि दगड तिथेच टाकून निघालास. अंधार पडल्यावर मालतीकाकीची स्कूटी त्यांवर आदळली. ती अजून शुद्धीवर नाही.

दगड तुझे, हे फक्त मला ठाऊक आहे. तिथूनच तू फोन केला होतास. "दगड नको, रिफ्लेक्टरचा त्रिकोण लाव," म्हटलं तर हसलास. "रस्ता सुरक्षेची नोकरी तुझी, रस्ता आमचा, मॅडम!"

आई सकाळपासून बडबडतेय, "कोना मेल्यानं दगर ठेवला गो?" मी उठते, पाणी पिते, परत बसते. रोज ड्रायव्हरांना शिकवायचं आणि घरात गप्प राहायचं, हे मला जमत नाही. तुझ्याच कमाईवर घरातली पहिली ग्रॅज्युएट झाले, तरीही नाही. आई आता काकांचा डबा घेऊन हॉस्पिटलला निघालीय. मीही जातेय. तिथे सगळं सांगणार आहे.

आधी तुला कळवायला हवं. पण तू आता घाटात असशील, आणि मेसेज वाजला की तू गाडी चालवतानाच वाचतोस. म्हणून हे पाठवत नाही.

तुझीच,
भाविका