तिसरी ताटली

प्रिय टाचणीबाई,

तू फोन उचलत नाहीस, म्हणून हे पत्र. नको उचलूस, तुझं बरोबर आहे. त्या लेबनीज हॉटेलात टेबलावरून उठताना मी जे बोललो ते बोलायला नको होतं. त्याला आज एकोणीस दिवस झाले. पण माफी मागायच्या आधी मला थोडं भांडून घ्यायचंय, नाहीतर ती मनापासून यायची नाही. मामाला तू ओळखतेसच.

पहिलं म्हणजे, जेवण चांगलं होतं. हे लिहितानासुद्धा माझ्या पोटात दुखतंय. मी नावं ठेवायच्या तयारीनेच आलो होतो. पण आत जेमतेम सहा टेबलं, खडूने पाटीवर लिहिलेले दर, आणि तेही इतके बेताचे की महाग आहे म्हणून कुरकुरायचीही सोय नाही. ते हमस, काबुली चण्यांचं मऊ वाटण, मधे खळगा करून त्यात तेल सोडलेलं. भाजलेल्या वांग्याला लागलेला धुराचा वास. भट्टीतून फुगून आलेला पाव मी तीनदा मागून घेतला आणि तोंड मात्र एरंडेल प्यायल्यासारखं ठेवलं. तू लहानपणी माझा करपलेला भात खाऊन ‘मस्त झालाय’ म्हणायचीस, ते मला उगाचच आठवत होतं. मग कशातच खोट सापडेना म्हणून मी खुर्च्यांवर घसरलो. फोम बसलाय, कोपरे ढिले, शिवण मशीनची. तीस वर्षं सोफे आणि खुर्च्या शिवणाऱ्या माणसाला दुसरं काय दिसणार?

खरी आग कुठे लागली ते सांगतो. ती हॉटेलवाली बाई आली, तुझ्या गालाला हात लावला आणि म्हणाली, ‘मामा’. मी मान वर केली, तर ती तुझ्याशी बोलत होती. मग दर दोन मिनिटांनी तेच. पाव हवा का मामा, लिंबू पिळू का मामा. दर वेळी मी वळायचो आणि दर वेळी तू खिदळायचीस. अगं, तो शब्द माझा आहे! तू पाच वर्षांची असताना ताई गेली, तेव्हापासून मला त्या नावाने हाक मारणारी तू एकटी. एवढी एकच पदवी मिळवली मी आयुष्यात. ती त्या बाईने उचलून तुलाच चिकटवली. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

त्यात ती तिसरी ताटली. आपण दोघं, आणि टेबलावर ताटल्या तीन. ती बाई सारखी दाराकडे बघत होती. तू त्या ताटलीकडे बघून खांदे उडवलेस, मला ते सोंग वाटलं. म्हटलं, येतोय कुणीतरी. तिचा मुलगा असेल, मला न विचारता ठरलंसुद्धा असेल. आलं कुणीच नाही. आली ती बातमी. हॉटेलच्या वरची खोली ती बाई तुला द्यायला तयार आहे, कामाला जायला जवळ पडतं, तू महिनाअखेरीस राहायला जाणार. तेव्हा मी उठलो आणि म्हणालो की आईला चार दिवसांत विसरलीस, मी तर नुसता मामा.

खोटं बोललो, टाचणे. तू सहा महिने रोज संध्याकाळी पाच वाजता दारातल्या पायपुसण्यावर जाऊन बसायचीस. ताई कामावरून यायची ती वेळ. मी आतून शिलाईचं मशीन उगाचच जोरात चालवायचो, तुझ्याकडे बघवायचं नाही म्हणून. हे मला पाठ आहे आणि तरी मी तसं बोललो.

गेल्या गुरुवारी दुपारी मी परत तिथे गेलो. माझी मोजायची टेप राहिली होती, असं म्हणू. खरं तर तू दिसशील म्हणून. त्या बाईने मला बसवलं, न सांगता पाव आणला आणि काळजीने विचारलं, मामा त्या दिवशी का आली नाही, तब्येत बरी नाही का? मी म्हटलं, मामा मीच. ती म्हणाली, तुम्ही नव्हे हो, तिची मामा. वेणीला रिबन नव्हती तर गादीची दोरी गुंफून द्यायची, ती. सोफ्याच्या दोऱ्याने गणवेश शिवला आणि तो तीन वर्षं फाटला नाही, ती. तुला गोवर झाला तेव्हा कारखान्याला टाळं लावून उशाशी बसली, ती. अगं, त्यांच्या अरबी भाषेत मामा म्हणजे आई! आणि तिथली आई लेकरालाही लाडाने त्याच शब्दाने हाक मारते. भाजी घेऊन येणाऱ्या मिशाळ ड्रायव्हरलाही ती मामाच म्हणते, मी कानांनी ऐकलं. दोन वर्षं तू तिला ‘माझा मामा’च्या गोष्टी सांगत होतीस आणि आपलं ‘माझा-माझी’ अजून न उमगलेली ती त्या आईच्या म्हणून ऐकत होती. तुला आई नाही हे तिला माहीतच नव्हतं. मामाला आणते एवढंच तू सांगितलं होतंस, म्हणून मला तुझे वडील समजून तिने बसवलं आणि तिसरी ताटली तुझ्या मामासाठी मांडली. मी छातीवर बोट ठेवून परत म्हटलं, मीच तो. ती आधी हसली, मग ॲप्रनने डोळे पुसत आत गेली. मी तसाच बसलो, पाव हातात.

तर पत्राचं कारण हे. ती तिसरी खुर्ची मी उचलून कारखान्यात आणली, फोम बदलला, कोपरे हाताने शिवले. येत्या रविवारी दुपारी ती परत नेऊन ठेवतोय. तुझ्या नव्या खोलीच्या खिडकीत बसेल अशी गादीही शिवली आहे, माप त्या बाईने घेऊ दिलं. जा तिथे राहायला, खुशाल जा. रविवारी यायचं की नाही ते तू ठरव. मी एक वाजल्यापासून त्या तिसऱ्या खुर्चीवर बसलेला असेन, दाराकडे तोंड करून. पाच वाजेपर्यंत बसेन. वाट कशी बघायची ते मला तूच दाखवलंयस.

तुझाच,
आणि त्यांच्या भाषेत तुझीच,
मामा