गब्बूचे गाल

प्रिय धाकटे,

माझं अक्षर बघून कपाळाला आठ्या पडल्या असतील. त्या तशाच राहू देत, पुढे लागणार आहेत. दोन वर्षं आपण एकमेकींना बघून रस्ता बदलतो, आणि आज थोरल्या जावेला पत्र लिहायची हुक्की आली. म्हातारी मऊ पडली, समेट करायला निघाली, असं मनात आलं असेल तर आत्ताच काढून टाक. तब्येत छान आहे, दात शाबूत आहेत, आणि गेले पाच महिने मला अन्न असं गोड लागतंय की काय सांगू! का ते कळेलच. चष्मा लाव आणि नीट बसून वाच.

शाळेतलं आपलं स्वयंपाकघर आठवतं का तुला? दोन मोठी पातेली, धुरानं काळी पडलेली खिडकी, तू भाजी निवडायला खाली बसलेली आणि मी शेगडीपाशी. अठरा वर्षं, बाई. आपल्या दोघींचे नवरे वर्षाच्या अंतरानं गेले, तेव्हाही आपण पंधरा दिवसांत कामावर हजर होतो, कारण दुपारी दोनशे पोरं ताटल्या घेऊन रांगेत उभी राहणार होती. भात, डाळ, हिरवा पाला, आठवड्यातून दोनदा अंडं. पोरं पाला ताटलीच्या कडेला सारायची आणि तू त्यांच्यामागे हात धुऊन लागायचीस. खोटं कशाला बोलू, तुझ्याइतका बारीक पाला चिरणारी बाई मी दुसरी पाहिली नाही. म्हणून तर राग जास्त येतो.

मग बैठ्या घरांच्या जागी इमारती आल्या. बायका कारखान्यात जायला लागल्या, घरात शेगडी थंड आणि पोरांच्या हातात तयार खाण्याचे चकाकणारे पुडे. फोडला की झालं, भांडी घासायला नकोत. त्या बायकांना मी नावं ठेवत नाही. दिवसभर उभं राहून आलेली बाई काय पाला निवडत बसणार? पण तुझ्या लेकानं पुड्यांचा धंदा काढला आणि शाळेचं कंत्राट तुझ्या डोळ्यांत भरलं. त्या पोराला काही कळत नव्हतं, कळत होतं ते तुला.

आपला नियम होता. रोज पहिली वाटी मी खायची, आणि दुसरी झाकून संध्याकाळपर्यंत फळीवर ठेवायची, कुणाला काही झालंच तर तपासायला. त्या दिवशी चौदा पोरांची पोटं दुखली. फाटकाबाहेरच्या रंगीत बर्फानं दुखली, हे महिन्याभरानं पोरांनीच कबूल केलं, पण तोवर कोण ऐकतंय! तपासायला साहेब आले तेव्हा फळीवर वाटी नव्हती. घासून, पुसून पालथी घातलेली होती. मी सकाळी माझ्या हातानं भरून झाकलेली वाटी! आणि तू हात पुसत त्यांना म्हणालीस की थोरल्या जाऊबाई वाटी ठेवतच नाहीत, मी सांगून सांगून थकले. केसानं गळा कापलास गं. दुसऱ्या महिन्यात स्वयंपाकघराला कुलूप लागलं आणि तुझ्या लेकाचे पुडे वर्गावर्गात पोचले. गल्लीतली माणसं माझ्याकडे अशी बघायची, जसं काही मी पोरांना विष घातलं. आणि वर तू तुझ्या नातीला बजावलंस, त्या आजीच्या दारात पाऊल टाकायचं नाही.

तर आता त्या नातीचं ऐक. पाच महिन्यांपूर्वी दुपारी मागच्या दारी खरवडल्याचा आवाज आला. मला वाटलं मांजर असेल. बघते तर आपली गब्बू! शाळेचा गणवेश, पाठीवर दप्तर, आणि माझ्या भिंतीचा चुना नखानं काढून खातेय. ओठ पांढरे झालेले. मला बघून पळायला गेली आणि चार पावलांत धाप लागून खाली बसली. सहा वर्षांची पोर! खिशात खडूचे तुकडे होते, ते चोखून चोखून गुळगुळीत झालेले. मी तिच्या डोळ्यांची खालची पापणी ओढून पाहिली, आतून कागदासारखी पांढरी. गुबगुबीत गाल बघून तुम्ही सगळे फसलात. पोर दिवसभर तुझे पुडे खात होती, वर गोड सरबत पीत होती, वजन वाढत होतं आणि अंगात रक्ताचा थेंब नव्हता.

एक क्षण मला काय वाटलं माहीत आहे? बरं झालं. खरंच वाटलं, आणि लिहायला मला लाज वाटत नाही. मग तिनं माझ्याकडे बघून विचारलं, आजी, रागावलीस का. मी तिला आत आणून उकडलेलं अंडं दिलं.

दवाखान्यात रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन साडेसहा निघालं. नर्स मलाच ओरडली. औषधाची बाटली दिली आणि म्हणाली, नुसत्या औषधावर भागणार नाही, पोरीला अन्न द्या. अन्न! मला सांगतेय! त्या दिवसापासून गब्बू रोज शाळा सुटल्यावर माझ्याकडे जेवते. पहिला महिना तोंड वेंगाडायची, पाला थुंकायची, पुडा दे म्हणून रडायची. मी पण तुझीच जाऊ, हटले नाही. आता दोनदा भात मागते आणि डाळीत पाला कमी पडला तर मला ऐकवते. गेल्या महिन्यात पुन्हा तपासलं. अकरा! खडू सुटला, जिना एका दमात चढते, गालांवर लाली आली.

आणि त्या लालीचं तू काय केलंस? फोटो काढलास! शाळेच्या फाटकावर एवढी मोठी पाटी, गब्बू हसतेय, हातात पुडा. खाली लिहिलंय, रोजचा पुडा, रोजची ताकद. मी पाटीखाली उभी राहून इतकी हसले की फाटकावरच्या शिपायाला वाटलं, म्हातारीला वेड लागलं. माझी डाळ, माझा पाला, माझी अंडी, आणि नाव तुझ्या पुड्याचं! आयाबायांना तू सांगत होतीस म्हणे की बघा आमच्या नातीकडे. मी म्हटलं, बघू देत. जितकं जास्त बघतील तितकं बरं.

शनिवारी पालकांची सभा आहे. शाळेत पुडेच ठेवायचे की स्वयंपाकघर उघडायचं, ते तिथे ठरणार. गब्बूला नवा फ्रॉक घालून तू मंचावर उभी करणार आहेस, हेही मला माहीत आहे. कसं माहीत, असं विचारशील. आता तेच सांगते, त्यासाठीच हे पत्र. दवाखान्यात मी एकटी गेले नव्हते. पोरीची आई बरोबर होती. तुझी सून. पहिल्याच दिवशी मी तिला कारखान्याच्या फाटकावर गाठलं. तेव्हापासून गब्बूला माझ्याकडे तीच पाठवते, आणि घरी आल्यावर पोरीचं पोट का भरलेलं असतं याच्या थापाही तुला तीच मारते. महिनाभरानं तुझा लेक आला. रक्ताचा कागद हातात धरून बराच वेळ उंबऱ्यावर बसला होता. मी त्याला वाढलं. लहानपणी जेवायचा तसाच मान खाली घालून जेवला आणि रडला. वाटीचंही त्याला सांगितलं, सगळं. शनिवारी गब्बू मंचावर चढायच्या आधी तो स्वतः उठणार आहे. साडेसहाचा कागद वाचून दाखवणार आहे, वाटी कुणी घासली ते सांगणार आहे, आणि शाळेतले पुडे बंद करतोय म्हणणार आहे. तुझ्या घरात हे फक्त तुला ठाऊक नाही. गेला आठवडाभर तो तुला सांगायला तडफडतोय. मीच त्याला अडवलं. म्हटलं, तिला मी सांगेन, तेवढा मान माझा.

तुझीच,
थोरली