तुझ्या कामाला लागलेला बोल

प्रिय कडुबा,

तीनदा फोन लावला आणि रिंग जायच्या आत कापला. समोर बोलायला तोंड नाही, म्हणून लिहितो आहे. गावच्या शाळेत माझं शुद्धलेखन तूच दुरुस्त करायचास. आताही चुका सापडतील, पण शेवटपर्यंत वाच.

घरी सगळे बरे आहेत. माझ्या तनुजाचं नर्सिंगचं पहिलं वर्ष पार पडलं. सिल्लोडला मका भरपूर आलाय, मी चालवतो त्या शेठच्या पिकअपला उसंत नाही. वाळूजला माल उतरवून बजाजनगरमधून परततो, तेव्हा तुझ्या गॅरेजकडे न बघता गाडी पुढं काढतो.

दिवाळीआधी तू याच पिकअपच्या मागच्या चाकांमधलं डिफरेंशियल उघडलंस, तेव्हा मी दिवसभर तिथंच स्टुलावर होतो. तेलात शेंदूर कालवून तू आतल्या मोठ्या दातेरी चाकाच्या दातांना लावलास, चाक हातानं फिरवलंस आणि उठलेला ठसा निरखत बसलास. ठसा कडेला सरकलेला. चाक केसभर सरकवायला पातळ पत्री काढायची, दुसरी घालायची, पुन्हा शेंदूर. चौथ्या खेपेला ठसा दाताच्या मधोमध आला. मी म्हटलं, देवालाही एवढ्या निगुतीनं कोणी शेंदूर लावत नाही. तू म्हणालास, "देव गप ऱ्हातो गड्या, हे लगेच बोंबलतं."

आठ दिवसांत गाडी मागून घुमायला लागली. शिवशंकर शेठनं ती तुझ्या दारात आणून लावली आणि चार ड्रायव्हरांसमोर म्हणाला, "मिस्त्री, काम कच्चं केलंस." तू चिडला नाहीस. म्हणालास, "गाडी अंगद चालवतो. माळकरी माणूस, खोटं बोलायचा नाय. त्यालाच इचारा, आवाज डिफरेंशियलचा हाय का." सगळे माझ्याकडे बघू लागले. मी गळ्यातल्या तुळशीच्या माळेला हात लावला आणि मान खाली घातली. शेठ म्हणाला, "माळंला हात लावला. आता आणखी काय पाहिजे?"

कडुबा, मला ठाऊक होतं. तूच शिकवलं होतंस, रेस दिली-सोडली की बदलतो तो आवाज डिफरेंशियलचा. पायाला जुमानत नाही तो टायरचा. त्याच सकाळी हर्सूलच्या पुढं मी रेस सोडून पाहिली होती. आवाज तसाच राहिला. आदल्या आठवड्यात मागचा नवा टायर मी दगडावर घालून फाडला होता आणि शेठला कळू नये म्हणून घासलेली स्टेपनी चढवली होती. पुढं दुसऱ्या मिस्त्रीनं झाकण उघडलं. "काम तर लई चांगलंय," असं पुटपुटला आणि फक्त तेल बदललं. त्याच दिवशी मी गुपचूप टायर बदलला. आवाज गेला, शाबासकी त्याला मिळाली. मी मनाला सांगत राहिलो, मी खोटं बोललो नाही, मी तर बोललोच नाही. पण जपाला बसलो की बोटं मण्यावर अडतात.

परवा आवडावहिनी बाजारात भेटल्या. वाटलं, तोंड फिरवतील. उलट मला थांबवून म्हणाल्या, "भाऊजी, तुम्ही तरी समजवा त्यांना. डिफरेंशियलचं काम आलं का माघारी लावतात. म्हणतात, अंगदला ऐकू आलं आन् मला नाय आलं, म्हंजी माझा कान गेला." तू मला शिव्या दिल्या असत्यास तर मी सोसल्या असत्या. तू तर माझं खरं मानून बसलास. तुझा कान शाबूत आहे, हातही. टायरचं मी आज शेठला सांगितलं. नोकरीचं व्हायचं ते होईल. सोमवारी सकाळी शेठला आणि त्याच चार ड्रायव्हरांना घेऊन तुझ्या दारात येतो. तेव्हा तोंडानं बोलेन. मला माफ करायचं की नाही ते तू ठरव. पण त्याआधी कोणी डिफरेंशियलचं काम घेऊन आलं, तर माघारी लावू नकोस.

ज्याच्या शब्दावर तू स्वतःपेक्षा जास्त भरवसा ठेवलास, तो
तुझाच,
अंगद