नाडी मंदावली म्हणून सोडलेली गोळी

बा, आणि वर तूच म्हणायचास, पोरगा तोंडाळ हाय. तोंडाळ तर तोंडाळ. मुंबईच्या मोठ्या इस्पितळात तुझ्यासोबत मी होतो, काका नव्हता. घशातून नळी घालून बघितल्यावर डॉक्टरने तुझ्यादेखतच सांगितलं, लिव्हर आकसून कडक झालंय, म्हणून अन्ननळीतल्या शिरा फुगल्यात. अजून एकही फुटलेली नाही, आणि फुटू नये म्हणून ही गोळी रोज घ्यायची. नाडी हळू पडेल, ती पडायलाच हवी, त्यानेच शिरांवरचा जोर कमी होतो. मनाने बंद करू नका. तू मान हलवलीस. मी चौथी नापास, मला कळलं, मग तुला कसं कळलं नाही?

घरी येऊन महिनाभर गोळ्या घेतल्यास आणि मग काकापुढे हात धरलास. आपल्याकडे घरातल्या थोरल्याने नाडी बघितल्याशिवाय कुणाचं औषध पुढे सरकत नाही, तापाचं असो की बाळंतिणीचं. काका ओटीवर डोळे मिटून बसलाय, आई चहा घेऊन उभी.

"नाडी मंदावली रं," काका म्हणतो. "या गोळ्या जीव ओढतायत तुजा."

"काका, ती मंदावायलाच पायजे, डागतर बोललाय," मी म्हणालो.

"आयला, घरात सर्जन झाला आन् आमाला पत्ताच नाय!"

तू हसलास, बा. त्या हसण्याचा राग अजून जात नाही. वर मलाच म्हणालास, "मोठ्यांच्या मधी बोलू नको. रगत कुटं पडलंय अजून? मंग गोळी कशाला?" अरे, पडू नये म्हणूनच होती ती! त्या दिवसापासून तू गोळी सोडलीस.

भात झोडून झालं तसा तू शिळफाट्याच्या बाजारात गेलास. टेंपोत चढताना उलटी झाली, सगळं रक्त. दवाखान्यात पोचेपर्यंत तू गेलेला होतास. लोक म्हणाले, दारू पीत असणार. थेंब कधी शिवला नाहीस, तरी तेही ऐकून घेतलं. काका माझ्या गळ्यात पडून रडला. मी त्याचे हात बाजूला केले.

आता दादाच्याही शिरा फुगल्यात. जुनी कावीळ घरातच मुरली होती म्हणे. तोही तीच गोळी घेतो. काल कांडल्याला, इथे बंदरावर मी हमाली करतो तिथे, त्याचं पत्र आलं: काका म्हणतो नाडी मंदावली, थांबवू का? मी हातातला पोती ओढायचा हूक असा फेकला की मुकादमाने आईबाप काढले. लगेच दादाला लिहिलं, गोळी सोडू नको, कर्जतच्या डॉक्टरला घड्याळ लावून नाडी मोजू दे, कमी करायची तर तो सांगेल. काकापुढे हात धरायचा नाही. त्याला राग आला तर माझं नाव सांग.

खरं सांगू, गोळी घेतली असतीस तरी वाचला असतास का, हे मलाही ठाऊक नाही. धोका कमी होतो, जात नाही, असं डॉक्टरच म्हणाला होता. 'ठाऊक नाही' हे या तोंडाळ पोराच्या तोंडून ऐकायला तुला आवडलं असतं. पण हे कुठल्या पत्त्यावर टाकू? दादाला तेवढी मनिऑर्डर केलीय, गोळ्यांना आणि कर्जतच्या भाड्याला, दोनशे रुपये.